सत्तावीस जानेवारीचा शेजार

27 जानेवारीला सकाळी आपल्याकडे वर्तमानपत्र येत नाही. आदल्या दिवशी छापखान्याला सुटी असते. झेंडावंदन होऊन गेलेलं असतं, जिलेबीचे पुडे संपलेले असतात, शाळेच्या मैदानावर कवायतीसाठी मारलेल्या फक्कीच्या रेघा पुसट होत चाललेल्या असतात. सणाच्या दुसऱ्या दिवसाला जो एक मोकळेपणा असतो, तो या तारखेला आहे. वाचायला काही नसतं म्हणून असेल, पण या दिवशी गाणं लावावं असं मला फार वाटतं. आणि गाणं लावायचं म्हटलं की या एका तारखेच्या घरात इतकी माणसं जमतात, की कोणाला आधी ऐकावं ते कळेनासं होतं.

1756 साली याच तारखेला साल्झबर्गमध्ये मोझार्ट जन्माला आला. 1901 साली याच तारखेला मिलानमध्ये व्हेर्दी गेला. 1963 साली याच दिवशी लता मंगेशकर दिल्लीत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ पहिल्यांदा लोकांसमोर गायल्या. 1972 साली शिकागोजवळच्या एका रुग्णालयात महालिया जॅक्सन गेली, 1986 साली कलकत्त्यात सतारवादक निखिल बॅनर्जी गेले आणि 2014 साली न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर गेला. शिवाय 1945 सालचा 27 जानेवारी आहेच. त्या दिवशी सोव्हिएत सैन्य आउश्वित्झच्या छळछावणीत पोचलं. ही घटना संगीताच्या इतिहासातली नाही असं वाटेल, पण ती त्यातलीही आहे. तिच्याकडे येईनच.

यात ग्रहताऱ्यांची काही करामत नाही. वर्षाच्या दिनदर्शिकेत चौकटी मोजक्याच असतात आणि जगात गाणारी-वाजवणारी माणसं अगणित. कोणत्याही चौकटीत डोकावलं तरी चार मोठी नावं सापडणारच. तारीख हा चाळीतला शेजार आहे. एका मजल्यावर खोल्या मिळाल्या एवढंच नातं. पण व्हरांडा एक असला की एरवी ज्यांची तोंडं एकमेकांकडे वळली नसती ती माणसं समोरासमोर येतात. घराणं, देश, भाषा, धर्म, प्रकार या भिंती संगीतात फार उंच आहेत. ऑपेराच्या पुस्तकात सतार नसते आणि सतारीच्या पुस्तकात चर्चमधलं गाणं नसतं. तारखेला मात्र या भिंतींची खबरच नसते.

आपल्या परंपरेत तारखेपेक्षा तिथीचा मान मोठा. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, आळंदीचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला. तिकडे कावेरीकाठी तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना पुष्य महिन्यातल्या बहुल पंचमीला होते आणि शेकडो गायक-वादक रांगेने बसून त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. तिथी चंद्राबरोबर फिरते, इंग्रजी महिन्यात कधी इकडे सरकते, कधी तिकडे. आपल्याकडच्या कितीतरी थोर कलावंतांच्या जन्माची तारीख कोणी लिहूनच ठेवली नाही. निखिल बॅनर्जींचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या जन्मसालावर अजून एकमत नाही. कोणी 1862 म्हणतं, कोणी 1881. त्यांच्या संगीताचं त्यामुळे काही अडलं नाही. तरीही तारीख मला हवीशी वाटते. तिथी आपल्या माणसांना आपल्यात एकत्र आणते, तारीख आपल्याला परक्यांच्या दारात नेऊन उभं करते.

मोझार्टच्या जन्माची तारीख नुसती नव्हे, वेळसुद्धा कळते, कारण बापाने ती पत्रात लिहिली. लेओपोल्ड मोझार्ट व्हायोलिनवादक आणि शिक्षक होता. त्याचं व्हायोलिनशिक्षणावरचं पुस्तक त्याच 1756 साली छापून निघालं. त्या पुस्तकाच्या ऑग्सबर्गच्या प्रकाशकाला 9 फेब्रुवारीच्या पत्रात त्याने कळवलं, की 27 जानेवारीला रात्री आठ वाजता बायको प्रसूत झाली, मुलगा झाला आणि ती फार अशक्त झाली आहे. त्या जोडप्याला सात मुलं झाली, जगली दोनच, हा सातवा. एका धंदेवाईक पत्रव्यवहारात आलेली बाळंतपणाची बातमी आज जग साजरी करतं. त्या मुलाने 1788 साली लिहिलेली चाळिसावी सिंफनी आपल्याकडे अशा लोकांनीही ऐकली आहे ज्यांनी मोझार्टचं नाव कधी काढलं नसेल. 1961 सालच्या ‘छाया’ या चित्रपटात सलील चौधरींनी तिच्या सुरुवातीच्या सुरांवरून एक द्वंद्वगीत बांधलं आणि ते तलत महमूद आणि लताबाई यांनी गायलं. ती धावती, जराशी कासावीस चाल व्हिएन्नाहून मुंबईच्या स्टुडिओत आली आणि इथलीच होऊन गेली. दोन वर्षांनी त्याच लताबाई मोझार्टच्या जन्मतारखेला दिल्लीच्या मंचावर उभ्या होत्या. तिथे हे कोणाच्या डोक्यातही नसेल. असण्याची गरजही नव्हती.

व्हेर्दीचा मृत्यू मला जवळून पाहिल्यासारखा वाटतो, तो रस्त्यावरच्या पेंढ्यामुळे. 1901 च्या जानेवारीत 87 वर्षांचा व्हेर्दी मिलानच्या ग्रँड हॉटेलमध्ये उतरला होता. 21 तारखेला त्याला पक्षाघाताचा झटका आला. खाली रस्त्यावर दगडी फरसबंदी, त्यावरून दिवसरात्र घोडागाड्यांची चाकं खडखडत जायची. त्याला त्रास होऊ नये म्हणून रस्त्यावर पेंढा पसरण्यात आला. आयुष्यभर ज्याने नाट्यगृहं आवाजाने भरून टाकली, त्याच्यासाठी एका गजबजलेल्या शहराने आपली चाकं मुकी केली. सहा दिवस शहर दबक्या आवाजात वागलं. त्या रस्त्याचं नाव मांझोनी मार्ग. हा मांझोनी म्हणजे व्हेर्दीला पूज्य असलेला इटालियन कादंबरीकार. 22 मे 1873 रोजी मांझोनी गेला, तेव्हा व्हेर्दीने त्याच्यासाठी मृतात्म्याच्या शांतीची प्रार्थना, म्हणजे ‘रेक्विएम’, रचली आणि बरोबर एक वर्षाने, 22 मे 1874 रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ती स्वतः सादर केली. तारीख जाणूनबुजून पाळावी, तर अशी. पहिल्या वर्षश्राद्धाला काय करायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पुण्यतिथीला एवढा मोठा नैवेद्य क्वचितच कोणी दाखवला असेल.

स्वतःसाठी मात्र त्याने काही नको म्हणून लिहून ठेवलं होतं. अंत्ययात्रा साधी असावी आणि गाणं-वाजवणं नसावं. तशीच झाली. पण महिन्याभराने त्याचं आणि त्याच्या पत्नीचं पार्थिव कायमच्या जागी हलवलं, तेव्हा मिलानच्या रस्त्यांवर लाखोंनी लोक जमले आणि तरुण वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने आठशेच्या आसपास गायकांकडून ‘नाबुक्को’तलं कैद्यांचं समूहगान म्हणवून घेतलं. बाबिलोनमध्ये बंदी झालेले ज्यू आपल्या हरवलेल्या देशाची आठवण काढतात, असं ते 1842 सालचं गाणं. पुढे इटलीच्या माणसांनी ते आपलंसं केलं, इतकं, की अंत्यविधीला गाणं नको ही व्हेर्दीची इच्छासुद्धा त्या गाण्यापुढे टिकली नाही.

आणि ती कायमची जागा कोणती? व्हेर्दीने स्वतःच्या पैशाने म्हाताऱ्या, निराधार गायक-वादकांसाठी मिलानमध्ये एक घर बांधलं होतं. आपल्या सगळ्या कृतींमध्ये हीच मला सर्वांत प्रिय, असं तो म्हणत असे. आपण जिवंत असेपर्यंत तिथे कोणी राहायला येऊ नये अशी त्याची अट होती, कारण त्याला कोणाचे आभार नको होते. 1902 च्या ऑक्टोबरात पहिले रहिवासी आले. त्याच्या ऑपेरांची रॉयल्टी पुढे कित्येक दशकं त्या घराच्या खर्चाला पुरली. आजही तिथे वृद्ध कलावंत राहतात आणि तळघरातल्या दालनात व्हेर्दी दांपत्य विसावलेलं आहे. आपल्याकडच्या कलावंतांच्या उतारवयाच्या कहाण्या ऐकल्या, की हे घर हटकून आठवतं. बुजुर्ग गायिका औषधाच्या पैशांसाठी अर्ज करते, साथसंगत करणारा तबलजी हात थरथरू लागले की मैफलीतून हळूच गळून पडतो. व्हेर्दीला हे चित्र आधीच दिसलं होतं आणि त्याने त्यावर भाषण केलं नाही, घर बांधलं.

आता 1945 कडे यायला हवं. चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझीन इथे नाझींनी ज्यूंची वस्ती-छावणी केली होती. तिथल्या कैद्यांमध्ये राफाएल शेख्टर नावाचा एक संगीतकार होता. त्याने हाताशी असलेल्या एका स्वरलिपीवरून कैद्यांना व्हेर्दीची रेक्विएम शिकवली. दिवसभर राबून, अर्धपोटी माणसं संध्याकाळी तळघरात जमून लॅटिनमधली ती कॅथलिक प्रार्थना पाठ करत. गायकवृंद उभा राहिला की गाडी सुटायची आणि त्यातली कितीतरी माणसं पूर्वेकडे, आउश्वित्झकडे रवाना व्हायची. शेख्टर उरलेल्यांना गोळा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. अशी बरीच सादरीकरणं त्याने केली. रेक्विएममध्ये शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं जे भयंकर वर्णन आहे, ते या माणसांनी आपल्या पहारेकऱ्यांच्या तोंडावर गाऊन दाखवलं. 1944 च्या ऑक्टोबरात शेख्टरलाही आउश्वित्झला पाठवलं. तो परतला नाही.

आउश्वित्झमध्येही संगीत होतं, आणि ते ऐकवत नाही असं आहे. तिथे कैद्यांची वाद्यवृंद पथकं होती. स्त्रियांच्या पथकाची प्रमुख आल्मा रोझे, विख्यात संगीतकार गुस्ताव माहलरची भाची. सकाळी कैदी कामावर निघताना आणि संध्याकाळी थकून, मेलेल्यांना खांद्यावर घेऊन परत येताना या पथकांना फाटकाशी कूचगीतं वाजवावी लागत. ताल असला की रांगा सरळ चालतात आणि मोजायला सोप्या जातात. पथकात असणं म्हणजे जगण्याची एक शक्यता, म्हणून वाजवणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण संगीत माणसाला उन्नत करतं, असं आपण सहज बोलून जातो तेव्हा हे फाटक डोळ्यांसमोर आणावं. सूर तेच असतात. तेरेझीनच्या तळघरात त्यांनी माणसांची मान ताठ केली आणि आउश्वित्झच्या फाटकाशी त्यांच्यावरून मुडद्यांची मोजदाद झाली. संगीताच्या अंगी स्वतःचं रक्षण करण्याची ताकद नाही. ते ज्याच्या हाती पडतं त्याचं होतं. या तारखेने मला शिकवलेली ही सर्वांत कठीण गोष्ट आहे.

दिल्लीच्या गाण्याची कथा आपल्याला पाठ आहे, तरी एकदा नीट पाहू. 1962 च्या चीन युद्धाचा घाव ताजा होता. मुंबईत माहीमच्या समुद्रकाठी फिरताना कवी प्रदीप यांना ओळी सुचल्या. जवळ कागद नव्हता, पेन नव्हतं; पेन कोणाकडून मागून घेतलं आणि सिगरेटच्या पाकिटातल्या कागदावर त्या टिपल्या, असं सांगतात. पुढे त्यांनी कितीतरी कडवी लिहिली आणि त्यातली थोडी निवडली. चाल दिली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे गोदाकाठच्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी. प्रदीपांचंही खरं नाव रामचंद्र, रामचंद्र नारायण द्विवेदी. चितळकर आणि लताबाई यांचं एकत्र काम काही काळ थांबलं होतं. या गाण्याने ते पुन्हा जुळवलं. चितळकरांनी दिलेली टेप ऐकत लताबाई दिल्लीला गेल्या आणि नॅशनल स्टेडियमवर, राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर, जवानांच्या मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात गायल्या. पुष्कळ जण हे गाणं 26 जानेवारीचं समजतात. ते संचलनाच्या दुसऱ्या दिवसाचं आहे, आणि ऐकताना ते पटतं. आदल्या दिवशी रणगाडे निघतात, पथकं सलामी देतात. या गाण्यात विजय नाही. जे घरी आले नाहीत त्यांच्यासाठी थांबा, एवढीच विनवणी आहे. चितळकरांनी सुरुवातीला तालाशिवाय, जवळजवळ बोलल्यासारखे शब्द ठेवले आणि मग चाल हळूच पायावर उभी केली. लताबाई कुठेही आवाज चढवून देशभक्ती दाखवत नाहीत. गंभीर बातमी घरातल्या मोठ्या बहिणीने सांगावी, तसं सांगतात. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदीपांना त्या समारंभाचं निमंत्रणच नव्हतं, हे थोड्यांना ठाऊक असतं. त्यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात वीरमरण आलेल्यांच्या पत्नींच्या निधीला दिली होती. ती पोचवण्यासाठी पुढे न्यायालयात जावं लागलं आणि 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने दहा लाख रुपये निधीला देण्याचा आदेश दिला. गाणं देऊन टाकणं सोपं असतं. दिलेलं पोचवायला उरलेल्यांची नियत लागते.

त्याच 1963 सालच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला लिंकन स्मारकासमोर अडीच लाखांच्या जमावापुढे महालिया जॅक्सन गायली. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत वाढलेली, चर्चमधलीच गाणी गाणारी बाई. मोठाल्या पैशांची लालूच दाखवूनही तिने क्लबात ब्लूज गायलं नाही. तिच्यानंतर मार्टिन लूथर किंग बोलायला उभे राहिले. ते लिहून आणलेलं भाषण वाचत होते, तेव्हा मागून तिनेच ओरडून सुचवलं, की त्या स्वप्नाचं सांगा. त्यांनी कागद बाजूला केला. जगाच्या लक्षात राहिलेलं ते भाषण असं एका गायिकेने सम दाखवल्यावर उघडलं. 1971 साली ती भारतात आली. कलकत्ता, दिल्ली, मद्रास, मुंबईत गायली. आणि पुढच्याच जानेवारीत, साठाव्या वर्षी गेली.

पीट सीगरच्या हातात बँजो असे आणि ‘वी शॅल ओव्हरकम’ हे गाणं त्याच्यामुळे जगभर पोचलं. पण ते त्याचं नव्हे, असं तो कायम सांगायचा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं एक पद, 1945-46 साली चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या संपात बायकांनी ते संथ लयीत गायलं, तिथून ते टेनेसीतल्या कार्यकर्त्यांच्या शाळेत आलं, तिथे ते सीगरने उचललं. गाण्याची रॉयल्टी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या कामासाठीच्या निधीला देऊन टाकली. आपल्याकडे गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदीतून ते ‘हम होंगे कामयाब’ म्हणून आलं आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत परिपाठाला रुजलं. खाकी चड्डी आणि निळ्या फ्रॉकमधली मुलं, तंबाखूच्या कारखान्याची वार्ताही नसताना, त्या संपकरी बायकांची आशा रोज सकाळी उभी राहून म्हणत आली आहेत. 27 जानेवारी 2014 रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर प्रचंड जमावाने लताबाईंच्या उपस्थितीत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ एका सुरात म्हटलं, आणि त्याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये 94 वर्षांच्या सीगरने डोळे मिटले. श्रोत्यांना गायला लावल्याशिवाय ज्याची मैफल पुरी होत नसे असा हा माणूस.

या सगळ्या समूहगानांच्या मजल्यावर निखिल बॅनर्जींची खोली वेगळी आहे. त्यांचं संगीत जमावाला म्हणता येत नाही. 1947 साली, सोळाव्या वर्षी ते मैहरला गेले आणि अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी त्यांना पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत रियाजाला बसवलं. त्यांच्या हयातीत तबकड्या मोजक्या निघाल्या. मैफलींची ध्वनिमुद्रणं मागाहून येत राहिली. मी त्यांचा हेमंत लावतो. हा राग खाँसाहेबांनीच घडवलेला; चढताना रिषभ-पंचम टाकून जातो आणि उतरताना ते दोघे हळूच भेटतात. आलापात ते मध्यमावर बोट ठेवतात आणि तार बाजूला ओढत मींडेने वर नेतात. नखी एकदाच लागलेली असते, सूर मात्र त्या एका आघातावर पाच-सहा ठिकाणी थांबून, वळून, मागे बघून पोचतो. शेवटच्या थांब्याला तर आवाज जवळपास संपलेला असतो. खालच्या तरफा वाजतायत की आपल्याला भास होतोय, असं वाटतं आणि आपोआप श्वास धरला जातो. तो विरता स्वर पूर्ण करण्याचं काम ऐकणाऱ्याच्या कानाने करायचं असतं. कानाने हात आखडला, तर तो स्वर अपुरा राहिला. लाखांचा जमाव गाणं उचलून धरतो तेच काम इथे एकटा माणूस खुर्चीत बसून करतो.

म्हणून मला वाटतं, जन्मतारीख आणि पुण्यतिथी संगीतकाराच्या असल्या, तरी त्यांच्यातला मोठा वाटा आपला आहे. व्हेर्दीने घर बांधलं, पण ते चालवलं पुढच्यांनी. प्रदीपांनी शब्द आणि पैसा दोन्ही दिलं, त्यातला पैसा पोचवायला भांडावं लागलं. रेक्विएमला जागवलं कैद्यांनी आणि कूचगीतांना बाटवलं पहारेकऱ्यांनी. गाणं करणारा एकदा हात सोडतो. मग ते कुठे जाईल, कोणाच्या बाजूने उभं राहील, हे ऐकणाऱ्या-गाणाऱ्यांवर ठरतं. जयंती-पुण्यतिथीला तसबिरीला हार घालून आपण एका अर्थाने ती जबाबदारी टाळतो. हार घालावाच, पण मग त्या कलावंताच्या हयात साथीदाराकडे जाऊन त्याचं काय चाललंय ते विचारावं, त्याच्या गाण्यातून आज कोण कोणाला गप्प करतंय ते पाहावं आणि त्याच तारखेला आलेलं, आपल्या घराण्याबाहेरचं, आपल्या भाषेबाहेरचं निदान एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. परक्याचं गाणं मन लावून ऐकण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याच्या हाती कोणतंही संगीत सुखरूप राहील, यावर माझा पुरा विश्वास आहे.